बगळ्याचा दुसरा पाय

आधी माफी मागतो. कुणाचं व्यक्तिचित्र लिहावं इतकं माझं वय नाही आणि वाचनही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा गवंडीकाम करतात, आई त्यांच्या हाताखाली माल कालवते, आणि माझी कायद्याची पुस्तकं सोडली तर घरात पुस्तक म्हणावं असं काही नाही. वार्षिक अंकासाठी 'मनात राहिलेलं माणूस' या विषयावर लिहा असं वर्गात सांगितलं, तेव्हा मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो. खोलीवर आल्यावर सहज पेन हातात घेतलं आणि एक वाक्य आपोआप उतरलं: गेडाम मॅडम कुठंही गेल्या की आधी पाणी मागायच्या. मग थांबताच येईना.

त्यांना विचारून लिहायला हवं होतं. ते धाडस झालं नाही. हे त्यांच्या वाचनात आलंच तर त्या म्हणतील, "प्रफुलराव, एवढं लांबण काहून लावलं?" एरवी त्या मला नुसतं प्रफुल म्हणायच्या. 'राव' लागलं की समजायचं, काहीतरी चुकलं.

सुनंदा गेडाम, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत वकील. कूलरच्या टाकीत बसवतात तो मुठीएवढा पंप ही कंपनी बनवते. पंपाचं नाव 'गारठा'. डबा निळा, आणि डब्यावर गळ्यात मफलर गुंडाळून एका पायावर उभा असलेला बगळा. आमच्या भागात ज्याच्या घरी कूलर आहे त्याच्या घरी हा बगळा कधी ना कधी येऊन गेलेला असतो. आणि जे खपतं त्याची नक्कल होतेच. नकली माल शोधायचा, तो बनवणाऱ्याला पकडायचं, आपल्या नावासारखं नाव कुणी घेतलं तर त्याला कोर्टात उभं करायचं, हे सगळं मॅडमच्या विभागाचं काम.

दारावर 'बौद्धिक संपदा संरक्षण विभाग' अशी पाटी होती. पहिल्या दिवशी ती वाचून मी शर्टाची वरची गुंडी लावली. आत गेलो तर कँटीनला लागून असलेली एक खोली, फोडणीच्या वासानं भरलेली. दोन टेबलं. एकावर मॅडम, दुसऱ्यावर इंगळे काका, म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार. मी अदबीनं विचारलं, बाकीचा स्टाफ कुठे बसतो? मॅडमनी चेहरा अगदी गंभीर ठेवला आणि म्हणाल्या, "काका, याले बाकीचा स्टाफ दाखवा." काकांनी उठून कपाट उघडलं. आत एक हेल्मेट आणि एक छत्री होती.

एवढ्या मोठ्या कंपनीचं नाव सांभाळायला दोन माणसं, एक हेल्मेट, एक छत्री आणि सहा महिन्यांसाठी शिकायला आलेला मी. मला वाटायचं, कंपनीचं वकील खातं म्हणजे काचेच्या खोल्या आणि टाय लावलेली माणसं असतील. तसे वकील होते, पण ते दुसऱ्या शहरातल्या मुख्य कार्यालयाकडे. तिथून फोन यायचा तो हेच विचारायला, की या महिन्यात काय केलं.

मॅडम पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की बुटीबोरीत हाक मारली तर गाडी पार शहराजवळच्या बेस्याला थांबावी. नेहमी सुती साडी. पण धाड असेल त्या दिवशी साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज. ते शूज दिसले की कँटीनवाला न सांगता तीन प्लेट पोहे आणि वर भरपूर तर्री, म्हणजे तिखट रस्सा, पाठवायचा. त्याला वाटायचं, लढाईवर चालल्या आहेत. मॅडमचा एक नाद होता. हाताला लागेल ती वस्तू उलटी करून मागचं वाचायचं. साबण, बिस्किटं, औषधाची बाटली, काहीही. इंगळे काकांच्या पोरीच्या लग्नात त्यांनी पंगतीतली पाण्याची बाटली उलटी केली आणि वाढप्याला विचारलं, हे नाव असं कसं लिहिलं? कॅटररचा माणूस तिथून जो गेला तो जेवणं उरकेपर्यंत दिसला नाही.

आणि पाणी. कुणाच्या दुकानात, गोदामात, अगदी पोलीस ठाण्यातही गेल्या की पहिलं वाक्य, "बाप्पा, ऊन काय आहे. जरासं पाणी द्या." एकदा मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "आपण वकील आहो म्हटलं की माणूस दार लावते. पाणी मागितलं की आत जाते, गिलास धुते. तेवढ्यात आपल्याले सगळं पाहाले भेटते. अन् दुसरं म्हणजे, ज्यानं पाणी दिलं त्याच्याशी मी खोटं नाही बोलत." या दुसऱ्या कारणाचा अर्थ मला बराच उशिरा कळला.

खिडकीखाली भाजीवाल्यांकडे असतात तसे प्लॅस्टिकचे तीन क्रेट होते. त्यांवर मार्करनं लिहिलेलं होतं: आज, उद्या, कधीतरी. बाजारात सापडलेला प्रत्येक नकली किंवा नकलेसारखा नमुना या तिन्हींपैकी एकात जायचा. कायद्याच्या पुस्तकात मी हक्काचं उल्लंघन शिकलो होतो. पण उल्लंघनं शंभर असतील आणि माणसं दोन असतील तर काय करायचं, हे पुस्तकात नव्हतं. मॅडम नमुना हातात घेऊन एकच प्रश्न विचारायच्या, "यानं कोणाचं काय जाते?" गिऱ्हाइकाच्या अंगावर येणार असेल तर आज. गिऱ्हाइकाचा विश्वास जाणार असेल तर उद्या. साहेबांचा नुसता मान जाणार असेल तर कधीतरी.

साहेब म्हणजे विक्री विभागाचे सक्सेना साहेब. परराज्यातल्या एका कंपनीनं 'गारोठा' नावाचा पंप काढला होता. डबा निळाच, पण बगळ्याऐवजी पेंग्विन. पंप चांगला होता, मॅडमनी स्वतः उघडून पाहिला होता. त्या नावाच्या नोंदणीला हरकत घेण्याचं काम त्यांनी मुदतीत करून ठेवलं आणि डबा 'कधीतरी'मध्ये टाकला. सक्सेना साहेब दुपारी चहाला आले की तो डबा उचलून 'आज'मध्ये ठेवायचे. ते गेले की मॅडम तो परत 'कधीतरी'त टाकायच्या. दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. मी आणि काका रोज वाट पाहायचो, आज डबा कुठं मुक्काम करतो.

मार्च लागला आणि बेस्याची एक बाई आली.

कंपनीच्या फाटकावर कापडी पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत आमचा पंप आणि आमचा डबा. कूलरला हात लागला आणि तिच्या पोरीला जोराचा शॉक बसला होता. तक्रार विभागानं पंप पाहून सांगितलं, हा आमचा नाही, आम्ही काही करू शकत नाही. कायद्यानं ते बरोबरच होतं. मॅडम बाहेरून येत होत्या, त्यांनी ऐकलं आणि तिला ऑटोत बसवून तिच्याच घरी गेल्या. मला सोबत नेलं. पोरगी आठेक वर्षांची असेल, तळहाताला पट्टी, आणि शाळेला सुट्टी मिळाली म्हणून खूश. मॅडमनी पाणी मागितलं. मग पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढून पंप उघडला. प्लगमधून येणारी हिरवी वायर, जी अर्थिंगची असते, ती झाकणाच्या आत कापून नुसती दडपलेली होती. कुठंच जोडलेली नव्हती. बाहेरून दिसावी म्हणून होती.

ती बाई म्हणाली, "मॅडम, डब्बा तं तुमचाच होय. आमी का नकली मागतला होता?"

मॅडमनी डबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि मग पोरीकडे धरून विचारलं, "बेटा, या बगळ्याले किती पाय?" पोरगी म्हणाली, दोन. मॅडमनी पर्समधून आमचा अस्सल डबा काढला. त्याला एक. नक्कल करणाऱ्यानं मफलरच्या गाठीपासून पाण्यावरच्या रेघांपर्यंत सगळं हुबेहूब उतरवलं होतं. फक्त बगळा दोन्ही पायांवर उभा होता.

ऑफिसात परत येऊन त्यांनी तो डबा 'आज'मध्ये ठेवला आणि त्या क्रेटमधलं बाकी सगळं बाहेर काढलं.

त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयाचा निरोप आला. या सीझनला एकच मोठी कारवाई झेपेल, आणि ती 'गारोठा'वर करा. डीलर ओरडत आहेत. सक्सेना साहेब समजवायला आले. माणूस वाईट नव्हता, त्यांच्यावरही वरून दट्ट्या होता. त्यांचं म्हणणं, बेस्याचा पंप कोण बनवतो याचा पत्ता नाही, 'गारोठा'चा पत्ता डब्यावर छापलेला आहे. मॅडमचं म्हणणं, एप्रिलमध्ये घरोघरी कूलर लागतील, त्याच्या आत हा माणूस सापडला पाहिजे. बराच वेळ दोन्ही बाजूंनी तेच ते चाललं. शेवटी साहेबांनी विचारलं, "और अगर ये आदमी नहीं मिला तो?"

"तो अगले सीझन में मैं भी नहीं मिलूंगी सर. दूसरा वकील रख लीजिए."

साहेब गेले. इंगळे काका म्हणाले, "मॅडम, असं बोलाचं नव्हतं." मॅडम म्हणाल्या, "बोलून तं बसली. चला आता."

इथून पुढचे दिवस आठवले तरी मला बसवत नाही. रोज बाजार, रोज नवी दुकानं. दुकानदार नकली माल काउंटरवर ठेवत नाहीत, स्वस्तातला मागितला की खालून काढतात. तो येतो कुठून हे काढायचं होतं. मॅडम या कामाला सौदा म्हणायच्या. त्यांचा चेहरा आणि काकांची मिशी बाजाराला पाठ झाली होती, म्हणून इतवारी बाजारातला सौदा माझ्याकडे आला. मी बसमध्ये वाक्यं जुळवत गेलो. कॉलेजात आल्यापासून मी 'मले-तुले' सोडायचा फार प्रयत्न केला होता. पहिल्या वर्षी वर्गात एकदा तोंडातून 'काहून' निघालं आणि मागची पोरं हसली, तेव्हापासून. दुकानात शिरलो आणि हात जोडून म्हणालो, "नमस्कार. मला आपल्याकडून काही पंप घ्यावयाचे आहेत."

दुकानदारानं मला बसायला खुर्ची दिली, अस्सल पंप दिला आणि पक्कं बिल दिलं. संध्याकाळपर्यंत त्या अख्ख्या ओळीत दोन पायांचा एकही बगळा उरला नाही.

चहाच्या टपरीवर मी हे सांगितलं तेव्हा मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अरे प्रफुलराव, 'घ्यावयाचे आहेत' म्हणणारं गिऱ्हाईक त्यानं जिंदगीत पाह्यलं का? त्याले वाटलं समन्स चालत आलं." टपरीवालाही हसला. मीही हसलो, पण कान तापले होते. ते त्यांनी पाहिलं असावं. हसू पुसून विचारलं, "तू घरी कसा बोलतो?"

मी म्हणालो, घरी आपलं साधंच, मले-तुले.

"मंग त्या पोराले कुठं ठेवून आला तू? मले तोच पाह्यजे होता."

त्यांनी चहा संपवला.

खोलीवर जाताना वाटेत मी घरी फोन लावला. का लावला सांगता येत नाही, घरचं बोलणं ऐकावंसं वाटलं एवढंच. बोलता बोलता आईला विचारलं, आपल्या कूलरच्या पंपाचा डबा ठेवला आहे का?

"हाय ना. त्यात तुह्या बाबाचा ओळंबा ठेवला."

"त्यावर बगळा हाय, तो पाह्य."

"पाह्यला."

"त्याले पाय किती?"

आईनं मोजले असावेत. "दोन. काहून गा? बगळ्याले दोनच पाय राह्यते ना."

मी रस्त्यातच थांबलो. कूलर अजून लावलेला नव्हता, बाबा रविवारी लावणार होते. मी आईला सांगितलं की त्याला कुणी हात लावायचा नाही, मी उद्या येतो. मग मॅडमना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "घेतला कुठून?" बाबांनी तालुक्याच्या दुकानातून आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर पोचलो तर मॅडम आधीच आलेल्या, पायात पांढरे शूज.

तालुक्याला उतरल्यावर त्या रसवंतीत बसल्या आणि मी दुकानात गेलो. यावेळी एकही वाक्य जुळवलं नव्हतं. म्हणालो, "काकाजी, मागच्या साली आमच्या बाबानं नेला होता तसा पंप पाह्यजे मले. मोहल्ल्यातले पाच-सहा घरचे मिळून घेऊन राहिलो, भाव बरोबर लावा." काकाजींनी बाबांचं नाव विचारलं. ते कळल्यावर म्हणाले, "अरे, तो तं माह्या घराचा ओटा बांधून गेला." मग तंबाखू मळत त्यांनी सगळं सांगितलं. माल संपला आहे, आला की ठेवतो. घाई असेल तर सरळ शहराबाहेरच्या वाडीला जा, माल तिथूनच येतो. अमरावती रोडनं जायचं, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या मागं जुन्या टायरचा ढीग आहे, त्याला लागून हिरव्या शटरचं गोदाम. मी निघालो तर म्हणाले, बाबाले सांग भेटून जाय म्हणून.

रसवंतीकडे मी जवळजवळ पळतच गेलो. मॅडमनी माझ्यासाठी रस मागवून ठेवला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सापडला ना तो पोरगा?" त्या कोणाबद्दल बोलत होत्या ते माझ्या दुसऱ्या घोटाला ध्यानात आलं.

घरी जाऊन कूलरचा पंप काढून आणला. आता धाड. मला वाटलं होतं की नाव चोरलं, म्हणजे ट्रेडमार्कचा गुन्हा. मॅडम म्हणाल्या की त्या वाटेनं गेलं तर बड्या अधिकाऱ्याची गरज लागते, शिवाय ट्रेडमार्कच्या कार्यालयाचं मत मागवावं लागतं, तोवर गोदाम रिकामं होतं. त्यापेक्षा डब्यावरच्या चित्राचा कॉपीराइट कंपनीकडे आहे. चित्र चोरलं म्हणून तक्रार केली तर साधा फौजदारही येऊन माल जप्त करू शकतो. "म्हणजे शॉकसाठी नाही, बगळ्यासाठी पकडायचं?" मी विचारलं. "हाव, बगळ्यासाठीच. बगळा लवकर धावते," त्या म्हणाल्या.

तक्रार देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाडीला पोचलो. ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत मॅडम पुढे, मागे फौजदार, दोन शिपाई, दोन पंच, इंगळे काका आणि मी. मी सारखा मागे-पुढे बघत असा चाललो होतो की पंचांपैकी एकानं मलाच आरोपी समजून दंड धरला. शटर अर्धं उघडं होतं. आत माझ्याहून थोडा मोठा एक मुलगा खाली बसून डबे घडी करत होता. मॅडम वाकून आत शिरल्या. "बाप्पा, ऊन काय आहे. जरासं पाणी दे गा." तो खरंच उठला, गिलास विसळला, माठातलं पाणी आणून दिलं. मॅडम ते शांतपणे पूर्ण प्यायल्या. गिलास परत देताना म्हणाल्या, "मी गारठा पंपाची वकील. हे पोलीस आहेत. आता तुमच्या मालकाले बोलवा, अन् तुमी घाबरू नका, तुमी पाणी पाजलं."

मागच्या खोलीत भिंतीला लागून छतापर्यंत निळे डबे रचलेले होते. सगळे बगळे दोन पायांचे. कोपऱ्यात डबा छापायचा ब्लॉक सापडला, पोत्यांत मोटारी, आणि हिरव्या वायरचे कापलेले तुकडे. मालक आला. पांढरा शर्ट, कपाळाला घाम. आधी म्हणाला की हा माल त्याचा नाही. मग म्हणाला की तो फक्त भरून देतो. मॅडमनी त्याच्यापुढे दोन्ही डबे धरले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, हा दुसरा पाय कुठून आला हो? तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर कारागिराचा अभिमान आला. मी पाहिला म्हणून सांगतो.

"मॅडम, ओरिजिनलमधे छपाईची गलती होती. एक पाय राहून गेला होता. आमी बरोबर करून घेतला."

फौजदार आधी हसले, मग पंच, मग सगळे. काका शटर धरून हसत होते. मॅडम पंचनामा लिहिणाऱ्या शिपायाला म्हणाल्या, "हे वाक्य लिहा." फौजदार म्हणाले, मॅडम, पोलिसासमोर बोललेलं कोर्टात टिकणार नाही. "मले माहीत आहे. तरी लिहा. मले वाचाले आवडन."

मग त्यांनी हिरव्या वायरचा एक तुकडा उचलला आणि मालकाच्या हातावर ठेवला. आवाज खाली आला होता. "पाय जोडाले वेळ भेटला तुमाले. हे जोडाले नाही भेटला?" त्यानंतर तिथं कुणी हसलं नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मॅडम म्हणाल्या, गोदामातले सापडले, घराघरात गेलेल्यांचं काय? कंपनीनं जाहीर करावं असं त्यांनी लिहून दिलं. वरून उत्तर आलं की वर्तमानपत्रात आपल्या नावाशेजारी 'नकली' हा शब्द येता कामा नये. तेव्हा मॅडमनी स्वतःच्या हिमतीवर एक पोस्टर छापून घेतलं. त्यावर कंपनीचं नाव नाही, पंपाचं नाव नाही. नुसता मफलरवाला बगळा आणि खाली लिहिलेलं: 'पाय मोजा. दोन असले तर बटण बंद करा, वायरवाल्याले दाखवा.' आम्ही तिघांनी ते कूलरच्या दुकानांवर, रसवंत्यांवर, बस थांब्यांवर चिकटवलं. आठवड्याभरात पोरांनी त्याचा खेळ केला. वस्तीवस्तीत पोरं घरात घुसून विचारत, काकू, डब्बा दाखवा, पाय मोजाचे आहेत. त्या उन्हात चिकटपट्टी दातानं तोडत फिरताना मी जितका आनंदात होतो तितका आजवर कधी झालेलो नाही. वकील व्हायचं ते कशासाठी, हे तोवर मला सांगता येत नव्हतं.

सक्सेना साहेबांच्या हातात पोस्टर पडलं तेव्हा ते ओरडले नाहीत. बसले आणि म्हणाले, "मैडम, आपने पूरे शहर को बता दिया कि हमारा माल नकली मिलता है." मॅडम म्हणाल्या, "हां सर. और असली कैसे पहचानना, वो भी."

त्या उन्हाळ्यात 'गारोठा'वर कारवाई झाली नाही आणि त्यांचा माल जोरात खपला. जून संपता संपता आदेश आला. विभाग बंद, काम दुसऱ्या शहरातल्या एका एजन्सीकडे. काकांना फाटकावरची नोकरी देऊ केली, त्यांनी घेतली. मॅडमना मुख्य कार्यालयात बोलावलं होतं, तिथल्या वकिलांच्या हाताखाली. त्या गेल्या नाहीत. माझे सहा महिने संपतच आले होते.

शेवटच्या दिवशी खोली रिकामी करताना मला फार जड जात होतं, त्यांना अजिबात जात नव्हतं. हेल्मेट काकांना दिलं, छत्री मला. 'गारोठा'चा डबा त्यांनी सक्सेना साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि सांगितलं, आता हा तुमच्याकडेच राहू द्या, रोजची ने-आण नको. साहेब उठून उभे राहिले होते, असं काका म्हणाले. 'उद्या' आणि 'कधीतरी'चे क्रेट कँटीनवाल्यानं मागून घेतले. 'आज'चा क्रेट मॅडमनी स्वतःकडे ठेवला. म्हणाल्या, कांदे ठेवाले बरा आहे. ऑटो आला. क्रेट मांडीवर घेऊन त्या बसल्या, ऑटो वळला, आणि मला शेवटचं दिसलं ते एवढंच: निळं प्लॅस्टिक, त्यावर काळ्या मार्करनं लिहिलेलं 'आज', आणि खाली पांढरे शूज.

त्यानंतर बरेच महिने काही कळलं नाही. मी फोन करायचा ठरवायचो आणि काय बोलायचं सुचलं नाही म्हणून ठेवून द्यायचो. अंकासाठी लिहायला घेतलं आणि परवा इंगळे काकांचा फोन आला.

कोर्टाचा हुकूम झाला होता. वाडीचा जप्त माल नष्ट करायचा. एका मोकळ्या जागेवर रोलर आणला, पंप आणि डबे पसरले. कंपनीनं काकांना पाठवलं होतं आणि एजन्सीनं एक नवा वकील पाठवला होता, टाय लावलेला, तो घड्याळ पाहत होता. मॅडमना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आपणहून आल्या, बाजूच्या एका दगडावर बसल्या आणि रोलरवाल्याकडे पाणी मागितलं. रोलर चालू झाला. तेवढ्यात त्या उठल्या, हात वर करून रोलर थांबवला आणि ढिगाकडे चालत गेल्या. एजन्सीच्या वकिलानं इंग्रजीत विचारलं, आपण कोण? जप्तीच्या वेळी ताडून पाहायला आणलेला आमचा अस्सल पंप चुकून त्याच ढिगात गेला होता. मॅडमनी वाकून तो डबा काढला, पदरानं धूळ पुसली आणि काकांच्या हातात दिला.

"काका, याले एकच पाय आहे," त्या म्हणाल्या. "हा आपला होय."